आधी गळती, मग बाकी

पेलेट ग्रिल ही आळशी माणसाची चूल आहे, असं मी मुलाला तोंडावर सांगतो. तरी मिशिगनला त्याच्याकडे गेलो की परसातल्या त्या यंत्राशी सगळ्यात जास्त खटपट माझीच चालते. सगळी नोकरी भोसरीच्या टूलरूममध्ये झाली. झाकणाच्या फटीतून धूर सुटताना दिसला की हात शिवशिवतात.

यंत्र तसं साधं. बाजूच्या डब्यात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण 6 मिलिमीटर जाडीच्या गोळ्या भरायच्या, याच पेलेट. भुसा दाबताना तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच त्याला बांधून ठेवतं. खालचा फिरता स्क्रू, म्हणजे ऑगर, या गोळ्या फायरपॉटमध्ये ढकलतो. विजेची कांडी त्या पेटवते, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर तापमान बघून ऑगर चालू-बंद करतो. ऑरेगनमधल्या माउंट एंजेलच्या जो ट्रेगर यांनी 1980च्या दशकात हे ग्रिल घडवलं. त्याचं त्यांना पेटंट मिळालं, आणि त्याची मुदत संपल्यावर बाजारात इतर कंपन्यांची रीघ लागली.

मालकांच्या तक्रारी ठरलेल्या: तापमान वरखाली होतं आणि धुराचा वास लागत नाही. पहिलीचं मूळ बऱ्याचदा गळतीत असतं. कागदाची पट्टी झाकणाखाली धरून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. अलगद निघाली तर तिथे फट आहे. अशी सगळी कड तपासून खडूने खुणा करायच्या. मग जास्त तापमान सोसणारी, मागे गोंद असलेली फेल्टची पट्टी आणायची. कडेवरचं तेल स्पिरिटने पुसून काढल्याशिवाय ती लावू नये, दुसऱ्या दिवशी सुटते. बिजागरीच्या बाजूला जाड पट्टी लावली तर झाकणच बसत नाही, म्हणून तिथे हात आखडता. पट्टी चिकटवली की झाकण बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. धुराडं मात्र कधीही बुजवू नका. पंख्याने आत ढकललेली हवा बाहेर पडायला वाट हवीच.

उष्णता कुठे जास्त लागते ते बघायला जाळीभर स्लाइस ब्रेड मांडा. काही मिनिटांत कुठे करपतं, कुठे पांढरं राहतं, याचा नकाशाच समोर येतो. थंड कोपऱ्यात पनीर आणि तापट जागी मक्याची कणसं, असं मग ठरवता येतं. मिशिगनच्या हिवाळ्यात वेल्डिंगचं अग्निरोधक ब्लँकेट ग्रिलच्या पाठीवर टाकलं की गोळ्या कमी लागतात. ते धुराड्यावर आणि गोळ्यांच्या डब्यावर येऊ द्यायचं नाही.

आता धूर. पेलेट स्वच्छ जळतात, म्हणूनच धूर कमी. हा यंत्राचा दोष नव्हे, गुण आहे. तो वाढवायला 12 इंची, भोकं पाडलेली स्टीलची नळी मिळते. तीत पेलेट भरून उघडं तोंड बर्नरने पेटवायचं, पाच-दहा मिनिटं ज्योत राहू द्यायची आणि फुंकून विझवायची. मग ती काही तास नुसती धुमसत राहते. भरताच्या वांग्यांना सुरीने टोचे मारून ती आधी 180 अंश फॅरेनहाइटवर या धुरात ठेवतो, मग तापमान 400 पर्यंत नेऊन साल काळी करतो. निखाऱ्यावर तूप सोडून दिलेला धुंगार मला अजूनही सरस वाटतो, पण मुलाच्या अमेरिकन शेजाऱ्यांनी हे भरीत मागून नेलं.

कंट्रोलर बदलण्याची हौस सर्वांत शेवटी करावी. जुने कंट्रोलर कमी आचेच्या सेटिंगवर ऑगर ठरावीक सेकंद फिरवतात आणि ठरावीक सेकंद थांबवतात; थांबा लांबवला की तापमान उतरतं आणि धूर वाढतो. पीआयडी कंट्रोलर तापमानाचा कल बघून सतत हिशेब बदलतो, त्यामुळे चढउतार कमी होतात. तो चांगलाच, पण स्वस्त नाही, आणि विजेच्या जोडणीला हात लावला की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

अशी खटपट करताना जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आगीजवळ वापरू नका. तापला की त्याचा धूर विषारी असतो. घर तापवायच्या शेगडीचे पेलेटही स्वयंपाकाला नकोत, त्यात कुठलं लाकूड आहे याचा भरवसा नसतो. आणि काहीही विकत आणण्याआधी ग्रिल पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढा आणि फायरपॉटमधली राख उपसा. बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.