सिमरोलचा हायड्रोजन : एका संशोधनाचा मागोवा

इंदूरहून खंडव्याकडे निघालेल्या ओंकारेश्वराच्या यात्रेकरूंना परिचित असलेले सिमरोल हे गाव २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा कायमचा मुक्काम ठरले. आणि तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक संजयकुमार सिंह यांचे कार्य क्रमाने पाहू गेल्यास एकच प्रश्न वेष पालटून पुनःपुन्हा समोर येतो : हायड्रोजन द्रवात बांधून ठेवावा कसा, आणि हवा तेव्हा अल्प उष्णतेत सोडवून घ्यावा कसा?

हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवणारा घट शास्त्रज्ञ ग्रोव्हने १८३९ च्या सुमारासच सिद्ध केला होता, आणि विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढण्याची विद्या त्याहूनही जुनी. तरीही विद्युत-रसायनाचा हा संसार इतकी वर्षे अडून राहिला तो मुख्यतः कोठारापाशी, कारण हा वायू इतका विरळ की मोटारीच्या टाकीत मावण्यासाठी तो वातावरणाच्या सातशेपट दाबाने कोंबावा लागतो.

२००९ मध्येच, जपानमध्ये संशोधक क्यांग शू यांच्यासह काम करीत असता, सिंह यांनी हायड्रोजन बांधून ठेवणाऱ्या जलयुक्त हायड्रॅझिन या द्रवाचे सामान्य तापमानात संपूर्ण विघटन करून दाखवले. एकट्या ऱ्होडियमला हे काम निम्मेही साधत नव्हते आणि निकेल तर निष्क्रियच होते. पण चारास एक या प्रमाणात दोघांचे सूक्ष्म कण एकत्र येताच कार्य तडीस गेले. पण हायड्रॅझिन विषारी; म्हणून पुढे इंदूरास त्यांनी रुथेनियमच्या उत्प्रेरकांची कास धरून प्रथम फॉर्मिक आम्लाकडे आणि मग मिथेनॉलकडे मोर्चा वळवला, हे मला शहाणपणाचे वाटते. प्रचलित रीतीत मिथेनॉलपासून हायड्रोजन काढण्यास दोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते आणि त्यासोबत येणारा कार्बन मोनॉक्साइड हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटातील प्लॅटिनमला निकामी करतो. सिमरोलच्या पद्धतीत पाण्यातच, ११० ते १३० अंशांवर, हे काम होते.

हिशेबनीसाच्या दृष्टीने पाहता मात्र खतावणीतील एक रक्कम उरतेच. मिथेनॉल आणि पाणी यांच्या अभिक्रियेत हायड्रोजनच्या तीन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो, आणि आज बाजारातले बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू वा कोळसा यांपासूनच तयार होते. तेव्हा त्या हायड्रोजनला हरित म्हणावे की नाही, हा निवाडा उत्प्रेरकाच्या अखत्यारीत नसून मिथेनॉलच्या कारखान्याच्या आहे.