राणीचा झगा आणि आईचा शालू

२०१९ च्या दिवाळीनंतर मी लेकीकडे लंडनला गेले होते. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, आज हॅम्प्टन कोर्टला जाऊ. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या झग्याचं प्रदर्शन लागलंय." मला वाटलं, हिऱ्यामोत्यांनी मढवलेला झगा बघायला मिळणार. प्रत्यक्षात काचेमागे होतं एक सपाट, जुनं कापड! रुपेरी जमिनीवर रेशमाने भरलेली गुलाब, डॅफोडिलची फुलं, मधूनच सुरवंट, फुलपाखरं, बेडूक. जागोजागी तुकडे जोडल्याच्या खुणा. राणीचा झगा कापून कोणीतरी चर्चच्या वेदीवर घालायचं वस्त्र केलं होतं.

मी तिथेच थबकले. मला आईचा शालू आठवला. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि इंदूरच्या घरी वहिनीने तिचा लग्नातला शालू कापून देवघराचा पडदा केला होता. मला न विचारता! तेव्हापासून मी वहिनीशी कामापुरतंच बोलत होते. पण ते पुढे सांगते. आधी राणीविषयी.

या राणीचं कपड्यांचं वेड जगप्रसिद्ध आहे, पण तिचं लहानपण मला ठाऊक नव्हतं. १५३६ मध्ये तिच्या आईचा, ॲन बोलिनचा, शिरच्छेद झाला तेव्हा ही पोर तीन वर्षांचीही नव्हती. तिला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायन यांनी दरबाराला पत्र लिहून कळवलं, की मुलीच्या अंगावर घालायला धड कपडे उरलेले नाहीत. राजाची मुलगी, आणि झग्यासाठी अर्ज करावा लागतो!

१५५८ मध्ये पंचविसाव्या वर्षी ती गादीवर आली. अविवाहित बाई राज्य कसं करणार, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. त्यामुळे नटणं ही तिच्यासाठी नुसती हौस नव्हती, राज्यकारभाराचा भाग होता. दरबारात आलेल्या परदेशी वकिलाने राणीला पाहून तिच्या राज्याची ऐपत ओळखावी, असा तो थाट होता. काळा आणि पांढरा हे तिचे आवडते रंग. मोती म्हणजे पावित्र्याची खूण, म्हणून चित्रांत ती मोत्यांनी लगडलेली दिसते. हॅटफिल्ड हाउसमधल्या प्रसिद्ध चित्रात तर तिच्या वस्त्रावर डोळे आणि कान काढले आहेत. राणी सगळं बघते, सगळं ऐकते, असा त्याचा अर्थ लावतात.

कोणी काय नेसावं यावरही तिची हुकमत होती. १५७४ च्या फर्मानाप्रमाणे जांभळं रेशीम राजघराण्याबाहेर जवळजवळ कोणालाच वापरता येत नसे. सरदार-दरकदार नववर्षाच्या भेटी म्हणून तिला कपडे आणि दागिने देत. ती त्यांना मुलामा दिलेली चांदीची भांडी देई, तीही मानाप्रमाणे वजन करून.

मला मात्र तिचा काटकसरीपणा जास्त आवडला. राज्याभिषेकाला तिने सावत्र बहीण मेरीचीच भरजरी वस्त्रं घातली, चोळीचा भाग तेवढा नवा शिवून घेतला. त्या काळी चोळी, बाह्या, घागरा सगळं सुटं असे. आज या चोळीला या बाह्या, उद्या दुसऱ्या. जुने झगे उसवून नवे होत, काही दासींना दिले जात. १६०० साली तिच्या वस्त्रभांडाराची यादी केली, तेव्हा जवळजवळ १९०० नोंदी निघाल्या.

मग ते सगळं गेलं कुठे? १६०३ मध्ये राणी वारली. पुढच्याच वर्षी नव्या राजाच्या राणीने याच हॅम्प्टन कोर्टमध्ये एक नृत्यनाट्य केलं आणि त्याच्या पोशाखांसाठी एलिझाबेथचे ठेवणीतले कपडे बाहेर काढले. बाकीचेही असेच पांगले. आज तिचा अख्खा असा एकही झगा उरलेला नाही.

उरला तो हा तुकडा. हर्फर्डशायरमधल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये तो वर्षानुवर्षं भिंतीवर चौकटीत टांगलेला होता. ब्लँच पॅरी ही राणीला पाळण्यापासून सांभाळणारी, आयुष्यभर तिच्या सेवेत राहिलेली बाई याच गावची. तिच्या आठवणीसाठीच हे कापड तिथे गेलं असावं. वस्त्रांच्या अभ्यासक एलेरी लिन यांनी ते पाहिलं आणि असं रुपेरी कापड, असं भरतकाम गावच्या चर्चमध्ये कसं, म्हणून शोध घेतला. तज्ज्ञांच्या मते हा राणीच्याच घागऱ्याचा भाग आहे.

परतताना ट्रेनमध्ये मी गप्पच होते. जपून ठेवलेले झगे गेले आणि कापून देवापुढे घातलेला राहिला! त्या रात्री मी वहिनीला फोन केला. म्हटलं, "शालू का गं कापलास?" ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, प्रत्येक घडीवर विरला होता. पेटीत ठेवला असता तर भुगाच झाला असता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी दाखवला नाही. चुकलंच माझं." मी म्हटलं, "माझंही चुकलं. मी विचारलंच नाही."

पुढच्या खेपेला इंदूरला गेले तेव्हा तो पडदा पहिल्यांदा नीट पाहिला. जरीच्या काठाजवळ आईने स्वतः केलेलं बारीक रफू आहे. वहिनीने कापताना तेवढा भाग मुद्दाम सांभाळून मधोमध घेतलाय.