धुरजड की उलाळ?

आमच्या मनोरीत सुट्टीच्या दिवशी मार्वेहून फेरीबोटी भरभरून माणसं येतात. किनाऱ्यावर फिरतात, भूक लागली की चांगलं काही मिळतंय का ते शोधतात. आमच्या बचतगटातल्या बायकांच्या हातचे तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी त्यांना का देऊ नये, असा विचार गेल्या वर्षी सुरू झाला. पक्की टपरी म्हटली की जागेचा प्रश्न. म्हणून गटाने जीपमागे ओढायची खाऊगाडी, म्हणजे ट्रेलर, करून घ्यायचा ठरवला. जीप गटातल्याच एकीच्या घरची. सोमवार ते शनिवार गाडी भाईंदरच्या बाजूला उभी करायची आणि रविवारी उत्तन, गोराई करत मनोरीत आणायची, असा बेत.

गाडा बनवून देणारा फॅब्रिकेटर भेटला. ओटा कसा, छत कसं, रंग कोणता, यावर बायका दोन तास बोलल्या. जीपला तो जोडायचा कसा, हा प्रश्न शेवटी निघाला. "हुक लावून देतो ताई, काही होत नाही," एवढंच त्याचं उत्तर. मैत्रिणींनो, कर्ज गटाच्या नावावर आणि मागे येणारं धूड टनभर वजनाचं! त्या "काही होत नाही"वर माझं काही समाधान झालं नाही.

खरं उत्तर मिळालं ते गटातल्या एका सुनेच्या वडिलांकडून. ते सांगली जिल्ह्यातले, उभा जन्म उसाची बैलगाडी हाकलेली. लेकीकडे चार दिवस राहायला आले होते. आमचं चित्र त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "गाडी धुरजड हाय का उलाळ?"

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते. दोन चाकांच्या गाडीत माल पुढे जास्त भरला की सगळा भार जूवर, म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. ती गाडी धुरजड. माल मागे जास्त झाला की धुरी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती उलाळ. जाणता गाडीवान चाकांच्या आसावर बहुतेक भार ठेवतो आणि थोडासा जूवर येऊ देतो. अगदी शून्य ठेवला तर गाडी झोले खाते.

मोटारीमागच्या ट्रेलरचं गणित नेमकं हेच आहे, फक्त बैलाच्या मानेच्या जागी गाडीच्या मागचा हुक. अमेरिकेत माझी मावसबहीण राहते. तिच्या घरचे झोपायच्या खोलीसकट ट्रेलर ओढत महिनाभर फिरतात. तिने फोनवर सांगितलं की तिकडचा नियम म्हणजे ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर असावा. युरोपात कॅराव्हॅन हलक्या आणि गाड्याही लहान. तिथे ५ ते ७ टक्के पुरेसा धरतात. त्याहून कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, की वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो आणि पुढची गाडीही हलवतो. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

मग धुरजड ठेवला तर? इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. (कलाशाखेची असले तरी त्रैराशिक येतं!) समजा, भरलेला ट्रेलर १००० किलोचा आणि हुकावर १२० किलो. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आणि हुक मागच्या चाकांपासून आणखी १.२ मीटर मागे. मागच्या चाकांवर किती वजन वाढेल? १२० वाटतं ना? वाढतं सुमारे १७३ किलो. कारण हुक चाकांच्या पलीकडे लोंबतो, मुलांच्या सी-सॉसारखा. तो मागून दाबला की पुढची बाजू उचलते आणि पुढच्या चाकांवरून सुमारे ५३ किलो कमी होतात. गाडी वळते पुढच्या चाकांनी आणि ब्रेकचं मोठं कामही तीच करतात. रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक चढावर उचललेलं तुम्ही पाहिलं असेल. तेही मागच्या ओझ्यामुळेच.

यावर तिकडे एक खास जोडणी मिळते. नेहमीच्या हुकाला दोन जाड स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. त्या ट्रेलरच्या दांड्याला ताणून, साखळीने किंवा कंसात अडकवतात. ताण दिला की पट्ट्या हुकाजवळचा भाग वर उचलू पाहतात. मग मागच्या चाकांवर साचलेलं ओझं थोडं पुढच्या चाकांकडे आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडे वाटलं जातं. भार वाटून देणारी जोडणी म्हणा ना. दोन माणसांनी धरलेल्या हंड्याला तिसरीने हात लावावा तसं. आजोबांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडच्या पोरांनी बैलासाठी असंच केलंय. खरंच आहे ते. वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीला जूच्या बाजूला टेकू देणारं एक जादा चाक बसवलं. नाव 'सारथी'. २०२२ साली त्याचे फोटो देशभर फिरले. बैलाच्या मानेवरचा भार जमिनीने घ्यायचा, एवढी साधी कल्पना. इतकी वर्षं ती कुणाला कशी सुचली नाही, असं वाटून गेलं.

ही जोडणी घ्यायची ठरली तर निवडताना मोठा आकडा बघून भुलायचं नाही. पट्ट्या ठरावीक भारासाठी बनवलेल्या असतात. आपल्या हुकावरचा खरा भार त्या मर्यादेत बसला पाहिजे. फार हलक्या पट्ट्या काम करत नाहीत. फार जड घेतल्या तर त्या लवत नाहीत, खड्ड्यात गाडीला आणि दांड्याला हिसके बसतात. ताण अती दिला तर मागची चाकंच हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. ताण बरोबर आहे का, ते बघायला टेप पुरते. सपाट जागी पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी मोजा, जोडल्यावर मोजा, पट्ट्या ताणल्यावर पुन्हा मोजा. पुढची बाजू जवळजवळ मूळ उंचीवर आली की झालं. त्याआधी गाडीचं माहितीपुस्तक मात्र वाचायचं. काही कंपन्या अशी जोडणी वापरू नका म्हणतात. आणि एक गोष्ट फॅब्रिकेटरच्या गळी उतरवायला मला तीन फोन लागले: या जोडणीने वजन कमी होत नाही. जीप जेवढं ओढू शकते तेवढंच ओढणार.

म्हणून आम्ही आधी वजनाकडे वळलो. पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, आणि चित्रात ती ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला होती. वर दोन सिलिंडर, शेगडी, तवे, बर्फाची पेटी, सगळं मागेच, कारण गिऱ्हाईक मागून येणार! पक्की उलाळ गाडी. टाकी आसाच्या वर आणली, ती १०० लिटरचीच केली, सिलिंडर पुढे घेतले. पाणी अर्धं संपलं तरी तोल फारसा बिघडत नाही, हा आसावर टाकी ठेवण्याचा आणखी एक फायदा.

हुकावरचा भार मोजायला घरचा वजनकाटा चालतो, पण तो थेट खाली ठेवला तर मोडेल. एक भक्कम फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरचा दांडा विटेपासून एक फुटावर टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट भार. फक्त आधी चाकांना दगड लावा आणि रिकाम्या फळीचं वजन वजा करा. गाडा सामानाने पूर्ण भरून मोजायचा, रिकामा नव्हे. एकूण वजनासाठी रस्त्यावरचा वजनकाटा आहेच.

नव्या मांडणीत आमचा ट्रेलर भरून साडेसातशे किलोच्या आत राहील आणि हुकावर ८० च्या आसपास येतील. एवढ्याला ती परदेशी जोडणी लागत नाही, असं माझं मत. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. मागवली तरी दुरुस्ती कोण करणार? त्या पैशात ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बसवावेत, दांड्याखाली फुलीसारख्या दोन सुरक्षा-साखळ्या लावाव्यात, मागे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर लावावेत. गटातल्या दोघींना हे पटलं नाही, त्यांना मोठाच गाडा हवा होता. मोठा घेतला तर मात्र जोडणीचाही खर्च धरा आणि जीपही बदला, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर बैठकीत मत घेतलं आणि लहान गाडा ठरला.

कायद्याच्या लेखी ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्यामुळे आर.टी.ओ.त नोंदणी कशी करायची आणि घरच्या जीपमागे धंद्याचा गाडा चालेल का, हे फॅब्रिकेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्यावं. "नंतर बघू" म्हणणाऱ्याचं ऐकू नये. आणि रस्त्यावर असताना ट्रेलरच्या आत कुणीही बसायचं नाही, पिठाचा डबा सांडू नये म्हणून धरायलासुद्धा नाही.