घरी केलेली प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यरचना : अभिप्राय कसा द्यावा?

नमुना : माइक ओल्डफील्डच्या ‘ट्यूब्युलर बेल्स’ (१९७३) या अल्बमचा कच्चा आराखडा घरीच टेपवर तयार झाला होता.

बांधणी : शब्द नसल्याने मुख्य धून परतताना बदलते का, विभाग सहज जोडले जातात का, हे पाहावे.

ताल : सात मात्रांचा रूपक परिचित असलेल्या कानाला ७/८ची चाल पकडता येते. पूर्व विदर्भातील कोंढा परिसरात झाडीपट्टी नाटकांना साथ करणारे, रूपक जाणणारे वादक म्हणूनच उत्तम परीक्षक ठरू शकतात.

मिश्रण : बास गिटार व मोठा ड्रम खालच्या पट्टीत एकमेकांना झाकतात. हेडफोन आणि स्पीकर, दोन्हींवर ऐकावे.

नोंद : ‘छान’ पुरेसे नाही. मिनिट-सेकंदासह बलस्थान, उणीव व उपाय सांगावा.