संस्थेचे दप्तर आणि मेघसंगणन

९ आणि १० जुलै २०१८ हे दोन दिवस आम्ही वसई-विरारकडची माणसे सहसा विसरणार नाही. पावसाने वसई, नालासोपारा, विरार जलमय झाले, रेल्वे ठप्प झाली आणि कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. त्या पाण्यात माझ्या ओळखीच्या एका लहानशा पतसंस्थेचे कार्यालय सापडले. कार्यालय तळमजल्यावर. टेबलाखालचा संगणक बुडाला, कपाटातल्या खालच्या खातेवह्यांचा लगदा झाला. संस्थेचे चिटणीस तसे मोठे दक्ष गृहस्थ. दर शनिवारी सगळ्या हिशेबाची नक्कल ते एका वेगळ्या डिस्कवर न चुकता उतरवून ठेवीत. पण ती डिस्क होती कुठे? त्याच टेबलाच्या खणात! मग सभासदांकडून पासबुके मागवून, एकेक नोंद ताडून दप्तर पुन्हा उभे करावे लागले. त्यात कित्येक महिने गेले.

ही हकिगत सांगण्याचे कारण असे की, ‘क्लाउड’ हा शब्द आता शाळेच्या कार्यालयापासून दूध सोसायटीपर्यंत सगळीकडे कानावर येतो. कोणी विक्रेता येतो आणि म्हणतो, “साहेब, सगळं क्लाउडवर टाका, तुमची काळजी मिटली.” हा क्लाउड म्हणजे काय, त्यात संस्थेचा फायदा कोणता, आणि काळजी खरोखरच मिटते का, ते आज आपण पाहू.

क्लाउड म्हणजे मेघ, ढग. पण हा ढग आकाशात नाही बरं का! संगणकांच्या जाळ्याचे चित्र काढताना, आतला सारा तपशील दाखवायची गरज नसली की अभियंते तिथे एक ढग काढून ठेवीत. त्या चित्रावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात हा ढग म्हणजे जमिनीवरच्या भक्कम इमारती. आपल्या जवळच नवी मुंबईत, ऐरोली-महापेच्या बाजूला, अशी माहितीकेंद्रे आहेत. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. त्यांना थंड ठेवण्याची व्यवस्था असते, वीज गेली तर जनित्रे असतात, दाराशी पहारा असतो. आगाशीच्या शाळेत गुरुजींनी लिहिलेले टिपण तारेतून अशाच एखाद्या इमारतीत जाऊन राहते, आणि हवे तेव्हा परत समोर येते.

आपल्या वसईचेच उदाहरण घेऊ. पूर्वी वाडीत ज्याचे त्याचे बावखल असे. पाणी आपले, रहाटही आपला. पण गाळ काढायचा आपणच, रहाट मोडला तर सुतार शोधायचा आपणच. आता सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी नळाने येते. धरण कोणी बांधले, पंप कोण चालवतो, हे आपण पाहत नाही. तोटी फिरवायची, पाणी घ्यायचे आणि पट्टी भरायची. स्वतःचा संगणक विकत घेऊन त्यात दप्तर ठेवणे म्हणजे बावखल. दुसऱ्याच्या मोठ्या संगणकांचा थोडा भाग, लागेल तेवढा, भाड्याने वापरणे म्हणजे नळ. यालाच मेघसंगणन म्हणतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात घडवलेला मोठा संगणक सुरू झाला. पुढे त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ पडले. असे यंत्र प्रत्येकाने घेणे शक्यच नव्हते, म्हणून निरनिराळ्या संस्थांतले संशोधक आपापली गणिते घेऊन त्या एका यंत्राकडे येत. १९६१ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने म्हटले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. तो दिवस यायला बराच काळ गेला. २००६ साली अमेझॉन कंपनीने आपले संगणक अशा रीतीने भाड्याने द्यायला सुरुवात केली. भारत सरकारने स्वतःच्या खात्यांसाठी ‘मेघराज’ ही योजना आखली आणि २०१४ साली राष्ट्रीय मेघसेवा सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर अमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्र शासनाने आपल्या खात्यांनी अशा सेवा वापराव्यात असे धोरण जाहीर केले. तुमच्या विद्यार्थ्याची दहावीची गुणपत्रिका ज्या ‘डिजिलॉकर’मध्ये मिळते, तेही २०१५ पासून चाललेले असेच एक मेघातले कपाट आहे.

आता संस्थेला फायदा काय, ते पाहा. पहिला फायदा पैशाचा. यंत्रासाठी एकरकमी मोठी रक्कम घालावी लागत नाही. वापराप्रमाणे दरमहा भाडे, आणि यंत्राची दुरुस्ती, वीज, देखभाल त्या कंपनीकडे.

दुसरा फायदा गरजेप्रमाणे वाढण्या-घटण्याचा. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. राज्यात सुमारे १५ लाख मुले, आणि सगळ्यांना निकाल हवा एकाच दुपारी. त्या एका दुपारसाठी यंत्रे विकत घेतली तर वर्षभर ती धूळ खात पडतील. मेघात मात्र त्या दिवसापुरती शंभर यंत्रे घ्यावीत, संध्याकाळी परत करावीत. लग्नासाठी आपण भांडी भाड्याने आणतो, तसेच.

तिसरा फायदा, काम एका टेबलाला बांधलेले राहत नाही. हिशेबनीस कार्यालयात, अध्यक्ष गावाला, लेखापरीक्षक ठाण्याला, तरी तिघेही एकच खातेवही पाहू शकतात. ‘शेवटची दुरुस्त प्रत कुणाकडे?’ हा वाद उरत नाही. आणि चौथा फायदा आमच्या पतसंस्थेला कळला तो. तळमजल्यावर पाणी आले तरी दप्तर तळमजल्यावर नसते.

मग काळजी मिटली का? नाही. नळाचे पाणी जसे बंद पडते, तशी ही सेवाही बंद पडू शकते. इंटरनेट गेले की दप्तर असूनही हाती येत नाही. आणि ज्या इमारतीत ते असते तीही इमारतच असते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी नोकर आपले कागद ज्या ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या मेघकपाटात ठेवीत, ते जळून गेले. त्यातली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची नक्कल दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी ठेवलेली नव्हती. एवढ्या प्रगत देशाचे सरकार आणि आमचे चिटणीस, दोघांची चूक एकच. दोघांच्याही दप्तराला एकच घर होते.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीने ठराव करण्यापूर्वी विक्रेत्याला काही प्रश्न जरूर विचारावेत, आणि उत्तरे करारात लिहून घ्यावीत. आमची माहिती कोणत्या देशात, कोणत्या ठिकाणी राहील? तिची दुसरी नक्कल वेगळ्या गावात ठेवता का? उद्या आम्हाला सेवा सोडायची झाली, तर सारी माहिती आम्हाला वाचता येईल अशा रूपात परत द्याल का, आणि किती दिवसांत? भाडे पुढच्या वर्षी किती वाढेल? तुमच्याकडची माहिती चोरीला गेली तर आम्हाला कधी कळवाल? सभासदांची नावे, आधार क्रमांक, मुलांच्या जन्मतारखा हे सारे दुसऱ्यांचे धन आपल्या हाती असते. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ही जबाबदारी मुख्यतः माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. यंत्र भाड्याचे म्हणून जबाबदारी भाड्याने देता येत नाही.

आणि दोन कामे घरची. पासवर्ड हा तिजोरीच्या किल्लीसारखा मानावा. तो भिंतीवर चिकटवू नये, आणि जो माणूस संस्था सोडून गेला त्याची किल्ली त्याच दिवशी बंद करावी. दुसरे, महिन्यातून एकदा दप्तराची एक नक्कल आपल्याकडे उतरवून घ्यावी आणि ती कार्यालयाबाहेर, कुणा जबाबदार पदाधिकाऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर, कुलपात ठेवावी. सहा महिन्यांनी ती उघडून पाहावी. उघडत नसलेली नक्कल असून नसल्यासारखीच.

नळ आला तेव्हा आपल्याकडे अनेकांनी बावखले बुजवली. पुढे एखाद्या दिवशी नळाला पाणी आले नाही, की तीच माणसे कुणाचे बावखल शिल्लक आहे ते शोधू लागली. तेव्हा मंडळी, नळ अवश्य घ्या. त्याची सोय मोठी आहे आणि खर्च आवाक्यातला आहे. पण आपले बावखल बुजवू नका.