पाच बटणांची स्मरणशक्ती

जुन्या गाड्यांच्या विशेषांकाची जुळवाजुळव चालू असताना संपादक म्हणाले, इंजिनावर आणि क्रोमवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तू डॅशबोर्डकडे बघ. म्हणून पुण्यात तपकीर गल्लीच्या जवळच एका लहान खोलीत जाऊन बसलो. तिथे साठी ओलांडलेले एक कारागीर फक्त गाड्यांचे जुने रेडिओ दुरुस्त करतात. सगळे त्यांना काका म्हणतात. नाव छापायचं नाही, ही त्यांची एकच अट. टेबलावर मर्सिडीज २२० डी या सत्तरच्या दशकातल्या डिझेल गाडीतला बेकर युरोपा उघडून ठेवला होता.

कंपन्यांचा इतिहास चटकन सांगून टाकतो. १९३० साली शिकागोत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने गाडीत बसवायचा रेडिओ काढला, त्याला मोटोरोला नाव दिलं आणि पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं. पुढे ब्लाउपुंक्ट म्हणून नावारूपाला आलेल्या जर्मन कंपनीने १९३२ मध्ये एएस ५ हा सेट आणला. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि बॅटरी सहा व्होल्टची असे. मधली सोय करायला व्हायब्रेटर असे. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडझाप करणारा हा खटका सतत गुणगुणत राही. १९५३ साली बेकरने स्टेशन आपोआप शोधणारा मेक्सिको काढला. मग ट्रान्झिस्टर आले आणि गुणगुण थांबली.

काकांचा जीव मात्र अडकलाय तो बटणांत.

पाच बटणं. त्यातली दोन एफएमची, दोन मध्यम लहरींची, एक दीर्घ लहरींचं. बटण दाबलं की काटा सरकतो आणि ठरलेल्या स्टेशनवर येऊन थांबतो. आत ना चिप, ना मेमरी. बॅटरी काढून गाडी वर्षभर उभी ठेवा, बटणाला स्टेशन आठवतं. ते कसं, हे काकांनी सेट उलटा करून दाखवलं. प्रत्येक बटणाच्या मागे एक छोटी पत्र्याची चकती पकडीत घट्ट बसवलेली असते. बटण आत गेलं की चकती एका झुलत्या चौकटीला ढकलते आणि चौकट चकतीच्या तिरपेपणाशी जुळेपर्यंत कलते. या चौकटीला कॉइलमध्ये आतबाहेर होणाऱ्या कांड्या जोडलेल्या असतात. कांडी किती आत, त्यावर स्टेशन ठरतं. स्टेशन बदलायचं तर आधी गोल नॉब फिरवून ते लावायचं, मग बटण बाहेर ओढायचं. पकड सैल होते. मग बटण पूर्ण आत दाबायचं. चकती चौकटीच्या नव्या कलाप्रमाणे वळते आणि पुन्हा आवळली जाते. स्टेशनची आठवण म्हणजे फक्त पत्र्याच्या एका तुकड्याचा कोन! मी ते वीसेक वेळा तरी करून पाहिलं, आणि काकांनी अडवलं नाही.

घरच्या रेडिओत पात्यांचा गँग कंडेन्सर असे. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती पाती थरथरतात, म्हणून गाडीसाठी कांड्यांची ही पद्धत रुजली. त्या रेडिओंच्या अभियंत्यांनी रस्ता विचारात घेतला होता, याचं मला फार कौतुक वाटतं.

या सेटचा आजार म्हणजे वाळलेलं ग्रीस. पन्नास वर्षांत ते रोगणासारखं कडक होतं आणि चौकट अर्ध्यावर अडकते. लोक वरून तेलाचा फवारा मारतात, तेल क्लचवर जातं. बटण दाबताना नॉब सुटा करण्याचं काम या क्लचचं. तो तेलकट झाला की नॉब फिरतो, काटा जागचा हलत नाही. काका सगळं सुटं करतात, स्पिरिटने पुसतात आणि काडीच्या टोकाने नवं ग्रीस लावतात. कोरडे पडलेले कंडेन्सर बदलणं त्या मानाने सोपं. दिवसभरात होतं.

गाडीच्या मालकाला मात्र फोनवरची गाणीही ऐकायची आहेत. इथे तीन वाटा आहेत. पहिली, डॅशबोर्ड कापून नवा सेट बसवायचा. जुन्या सेटला दोन दांड्या आणि मधली पट्टी एवढीच जागा लागे, आताच्या सेटला १८० बाय ५० मिलिमीटरचा सलग चौकोन लागतो. एकदा कापलेला पत्रा परत जुळत नाही. हे काम काका घेत नाहीत. दुसरी, खोकं जुनं ठेवून आतला सगळा ऐवज काढायचा आणि नवा बोर्ड भरायचा. आवाज उत्तम येतो, पण चौकट आणि कांड्या भंगारात जातात, बटणं शोभेची उरतात. माझ्या मते हा रेडिओचा अपमानच आहे. तिसरी वाट काकांची: व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी एक लपवलेला स्विच द्यायचा आणि तिथून ब्लूटूथचा आवाज आत सोडायचा.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. रेडिओ मोनो आणि फोन स्टिरिओ, त्यामुळे डाव्या-उजव्या तारा थेट जोडून चालत नाही, प्रत्येकीत रेझिस्टर घालावा लागतो. ब्लूटूथच्या बोर्डाला पाच व्होल्ट हवे. त्याची आणि रेडिओची अर्थिंग एक झाली की गाण्यामागे किरकिर येते, म्हणून त्याचा पुरवठा वेगळा तोडून द्यावा लागतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसल्याने तडतड नाही, पण अल्टरनेटरची शीळ असते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. त्यासाठी पुरवठ्याच्या तारेत चोक. आउटपुट काही वॅटचं, त्यामुळे बासची अपेक्षा ठेवायची नाही. कागदी कोनाचा मूळ स्पीकर कडेला फाटलाय. त्याच ओहमचा मिळेपर्यंत दुसरा कुठलाही जोडायचा नाही. कमी ओहमचा लावला तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातो, आणि त्या जातीचा ट्रान्झिस्टर आता जुन्या सेटमधूनच काढावा लागतो.

त्याहून अवघड प्रश्न हवेतला आहे. एरियल बसवल्यावर त्याच्या जोडणीशेजारचा ट्रिमर स्क्रू फिरवावा लागतो. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं क्षीण स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबायचं, अशी जुनी रीत. आकाशवाणीची मध्यम लहरींची प्रक्षेपणं एकेक करून बंद होत आहेत. काका आता टेबलावरच्या सिग्नल जनरेटरने ट्रिमर लावतात. दीर्घ लहरींवर आपल्याकडे प्रसारणच नाही, ते बटण इथे नुसतंच दाबलं जातं. एफएमची पट्टी १०४ मेगाहर्ट्झला संपते, त्यामुळे मुंबईला गेल्यावर १०७.१ ची रेनबो वाहिनी या काट्याला कधीच सापडणार नाही. पुण्याची विविध भारती १०१ वर असल्याने ती सापडते. एफएमच्या पहिल्या बटणावर काकांनी तीच लावली आहे. दुसऱ्यावर काय लावायचं, ते मालक घरी विचारून कळवणार आहेत.