रोजा, सवलत आणि किडनीचा आजार

पहाटे सहेरीची वेळ संपत आली, की मुकुंदनगरपासून झेंडीगेटपर्यंत घराघरांत पाण्याचा शेवटचा घोट घेतला जातो. त्यानंतर सूर्यास्ताच्या अजानपर्यंत, म्हणजे या दिवसांत साधारण 13 तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. निरोगी माणसाची किडनी हे निभावून नेते. ती लघवी घट्ट करते आणि शरीरातले पाणी राखते. पण ज्याची किडनीच दुखणाईत आहे, त्याने काय करावे? यंदा 12 मार्चचा जागतिक किडनी दिन रमजानमध्येच आला आहे. त्या निमित्ताने या प्रश्नावर मोकळेपणाने बोलायला हवे.

आमच्या नात्यातल्या एका फुफींना मधुमेह आहे आणि किडनीचा आजार बराच पुढे गेला आहे. गेल्या रमजानमध्ये त्यांनी कुणाला न विचारता रोजे धरले. दुपारची गोळी उशाखाली राहू लागली. "साठ वर्षांत एक रोजा सुटला नाही, आता सोडू कशी?" एवढेच त्यांचे म्हणणे. पंधराव्या रोजाच्या आसपास पायांवर सूज आली, दम लागू लागला आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. क्रिएटिनिन बरेच वाढले होते. डॉक्टरांनी रागावून नव्हे, हळहळून विचारले, "आजी, आधी एकदा विचारायचे तरी!"

किडनीचा आजार मुका असतो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर जातो. ही गाळण्याची क्षमता निम्म्याहून कमी झाली, तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून डॉक्टर हा वेग काढतात. तो 60च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर तो दीर्घकालीन आजार मानतात. 30च्या खाली गेला तर आजार गंभीर आणि 15च्या खाली गेला, की डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

अशा रुग्णांच्या रोजांवर जगभर संशोधन झाले आहे. रियाधमधील एका अभ्यासात तिसऱ्या आणि त्यापुढच्या टप्प्यातल्या 65 रोजेदार रुग्णांना तपासले. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांची किडनी आणखी बिघडली. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, आजार सौम्य आणि स्थिर असलेल्या काहींनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोजे सुखरूप पूर्ण केल्याचेही अभ्यास सांगतात. म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर नाही. मधुमेहींसाठीच्या 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र स्पष्ट आहेत: किडनीचा वेग 30च्या खाली असेल, तर रुग्ण जास्त धोक्याच्या गटात येतो आणि त्याने रोजा धरू नये.

डायलिसिसच्या रुग्णाची अडचण तर उलटीच असते. त्याला पाणी मोजून प्यावे लागते, कारण जास्तीचे पाणी शरीराबाहेर जातच नाही. दिवसभराची तहान इफ्तारला दोन-तीन ग्लास सरबताने भागवली, तर ते पाणी फुप्फुसांत साचून दम कोंडू शकतो. खजूर, केळी, संत्र्याचा रस, शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात वाढले, की हृदयाचे ठोके बिघडतात. खजूर इफ्तारची शान खरी, पण अशा रुग्णासाठी ती डॉक्टरांना विचारून, मोजूनच.

धर्म याबद्दल काय सांगतो? कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, रोजाच्या आदेशासोबतच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढावेत, त्याला कजा म्हणतात. बरे होण्याची आशाच नसेल, तर दर रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. हा फिदया. ही सवलत घेणारा कमी दर्जाचा मुसलमान ठरत नाही. ज्या आदेशाने रोजा सांगितला, त्याच आदेशाने ही वाटही सांगितली आहे.

ज्यांना रोजा ठेवायचाच आहे, त्यांनी रमजानच्या आधी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. शरीरात पाणी कमी असताना अंगदुखीची गोळी मनाने घेणे किडनीला महागात पडते. चक्कर आली, लघवी फार कमी झाली, सूज किंवा दम वाढला, तर त्याच क्षणी रोजा सोडावा.

हे फक्त मुसलमानांपुरते नाही. निर्जला एकादशी करणाऱ्या आजीला आणि पर्युषणात उपवास धरणाऱ्या आजोबांनाही हेच लागू आहे. आपल्या शहरात जैन समाजाच्या पुढाकाराने उभे राहिलेल्या आनंदऋषीजी हॉस्पिटलसारख्या ठिकाणी डायलिसिसच्या खाटांवर सगळ्या धर्मांचे रुग्ण शेजारी-शेजारी चार-चार तास पडून असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र रुग्णांना डायलिसिसचा खर्च भागवता येतो. अनेक घरांना ते अजून ठाऊक नाही. शेजाऱ्याला सांगितले, तर तीही मदतच.

फुफी यंदा रोजे धरत नाहीत. सुरुवातीला त्या दुपारी दार लावून जेवत, कुणी पाहू नये म्हणून. आता नाही. गल्लीतल्या एका विधवा बाईच्या घरी रोज त्यांच्या नावाने डबा जातो. संध्याकाळी दस्तरखान अंथरले, की त्या नातवंडांपुढे खजुरांची ताटली सरकवतात. स्वतःच्या पेल्यावर त्यांनी पेनाने रेघ मारली आहे. अजान झाली, की त्या रेघेपर्यंतच पाणी ओततात आणि सगळ्यांबरोबर बिस्मिल्ला म्हणतात.